जुनी क्वाड बाइक घेतांना कूलंटची परीक्षा

शेताच्या बांधावरून, बागेंतील अरुंद वाटेनें किंवा डोंगरउतारावरील कुरणांत माणूस आणि थोडेंसें ओझें नेण्यास क्वाड बाइक, म्हणजे रुंद टायरांची चारचाकी मोटारसायकल, फार सोयीची पडते. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व ब्रिटन या देशांतील मेंढपाळ व पशुपालक ती वर्षानुवर्षें वापरीत आले आहेत. पोलारिस या अमेरिकन कंपनीनें २०११ सालीं हिंदुस्थानांत व्यवहार सुरू केला. तेव्हांपासून आपल्याकडील मोठ्या बागाईतदारांजवळहि ती क्वचित् दृष्टीस पडते. नवी गाडी महाग, म्हणून वापरलेली घेण्याकडे मन धांवतें. बैल घेतांना आपण दांत पाहतों, खूर पाहतों, जुंपूनहि पाहतों. परंतु यंत्र घेतांना रंग व टायर पाहून पैसे मोजतों, हें बरें नव्हे.

कित्येक जुन्या गाड्यांची निपज फार थोडीं वर्षें झाली. होंडाची टीआरएक्स २५०आर ही १९८६ ते १९८९ व सुझुकीची एलटी ५००आर ही १९८७ ते १९९० एवढीच निघाली. या दोन्ही पाण्यानें निवणाऱ्या टू-स्ट्रोक एंजिनाच्या गाड्या होत. अशा दुर्मिळ गाडीचें एंजिन एकदां तापून बिघडलें, म्हणजे सुटा भाग मिळेपर्यंत ती गोठ्यांत पडून राहते. म्हणून कूलंटची परीक्षा सौद्याच्या आधींच झाली पाहिजे.

रचना

पंप कूलंटला सिलिंडरच्या भोंवतालच्या पोकळींतून फिरवितो. तें तापलें म्हणजे थर्मोस्टॅट नांवाची झडप उघडते व कूलंट पुढील रेडिएटरच्या जाळींत जाऊन निवतें. गाडी धांवतांना वाऱ्यानें व उभी असतां विजेच्या पंख्यानें ही जाळी थंड राहते. शर्यतीसाठीं केलेल्या कित्येक गाड्यांना मात्र पंखाच नसतो. त्या उभ्याउभ्या चालू ठेवल्यास तापणारच. रेडिएटरचें टोपण म्हणजे केवळ झांकण नव्हे. तें आंतील दाब राखतें. हवेच्या दाबापेक्षां एक बार अधिक दाब असेल, तर साधें पाणीहि सुमारें १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. टोपणाचें रबर चिरलें, कीं सर्व भाग धड असूनहि कूलंट उकळून बाहेर पडतें. म्हणून प्रथम हाच सर्वांत स्वस्त भाग तपासावा.

गाडी केव्हां तापते?

विक्रेत्यास हा प्रश्न आवर्जून विचारावा व शक्य तर स्वतः गाडी चालवून पाहावी. उभी असतां किंवा हळू ओढतांना तापते आणि वेगांत निवते, तर पंखा बंद आहे किंवा जाळींत चिखल बसला आहे असें समजावें. पंख्यास थेट १२ व्होल्टच्या बॅटरीची वीज देऊन पाहावी. तो फिरला, तर दोष तारेंत, फ्यूजमध्यें अथवा उष्णतेच्या स्विचमध्यें आहे. वेगांत व भाराखालीं तापते, तर रेडिएटर आंतून क्षारानें कोंदला असण्याचा संभव अधिक. चालू केल्यावर थोड्याच मिनिटांत तापते, तर आंत हवा कोंडली आहे, थर्मोस्टॅट मिटलेलाच राहिला आहे, पंप फिरत नाहीं किंवा हेड गॅस्केट फुटलें आहे, यांपैकीं एक कारण असावें. उलट, एंजिन पुरेसें गरमच होत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरींच होते. तो काढून पाण्याच्या पातेल्यांत टांगावा व पाणी तापवीत जावें. त्यावर छापलेल्या अंशांच्या सुमारास, पुष्कळदां ८० च्या आसपास, तो उघडूं लागला व पाणी निवल्यावर मिटला, म्हणजे चांगला समजावा.

थंड एंजिनावर काय पाहावें

गरम एंजिनाचें टोपण कधींहि उघडूं नये. दाबाखालील कूलंट उसळून तोंड व हात भाजतात. एंजिन पूर्ण निवल्यावर उघडून कूलंटचा रंग पाहावा. तांबूस गढूळ असेल, तर आंत गंज आहे. मागील मालकानें बहुधा विहिरीचें पाणीच भरलें असावें. चिकट गाळ दिसला, तर दोन न जुळणारीं कूलंटें मिसळलीं असतील. तेलाचा तवंग दिसला, तर गोष्ट गंभीर आहे.

पंपाच्या खालच्या अंगास बहुधा एक बारीक भोंक असतें. तें बुजवूं नये. आंतील सील गेल्याची वर्दी देण्यासाठींच तें ठेवलेलें असतें. त्यांतून कूलंट ठिबकलें तर पाण्याकडील सील व तेल ठिबकलें तर तेलाकडील सील गेलें. नळ्या दाबून पाहाव्या. भेगा पडलेल्या किंवा फुगलेल्या नळ्या बदलाव्याच लागतात.

हेड गॅस्केटची परीक्षा

बाहेर कोठेंहि गळती नसतां कूलंट कमी होत असेल, तर संशय गॅस्केटवर घ्यावा. थंड एंजिन टोपण काढून चालू करावें. प्रथम थोडे बुडबुडे येतात, ते कोंडलेल्या हवेचे असूं शकतात; परंतु ते एकसारखे येतच राहिले, तर सिलिंडरमधील वायु कूलंटमध्यें शिरत आहे. टोपण लावून चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच वरची नळी दगडासारखी कठीण होणें, हीहि तीच खूण. गॅरेजवाल्याजवळ निळें परीक्षाद्रव असेल, तर तें रेडिएटरच्या तोंडाशीं धरवावें. जळलेल्या वायूनें तें पिवळें पडतें. एंजिन तापल्यावरहि गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट जळत आहे. थंडीच्या सकाळीं पहिला क्षणभर निघणारी वाफ मात्र स्वाभाविक होय.

फोर-स्ट्रोक एंजिनाचें तेल दुधाळ दिसलें, तर त्यांत पाणी गेलें आहे. पण लगेच गॅस्केटला दोष देऊं नये. ओढ्यांत बुडालेल्या गाडीचें तेलहि असेंच होतें. तेल बदलून पुन्हां पाहावें. टू-स्ट्रोकमध्यें गिअरचें तेल दुधाळ झालें, तर आधीं पंपाचें सील पाहावें.

हेड उघडलेंच, तर त्याची बैठक सरळ पट्टी व फीलर गेजनें मोजावी. लहान एंजिनांत बाक चालण्याची मर्यादा बहुधा एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनहि कमी असते. वाकलेल्या हेडवर नवें गॅस्केट बसविणें म्हणजे पैसा वायां घालविणें होय.

कूलंट भरण्याची रीत

कूलंट व डिस्टिल्ड पाणी पुष्कळदां निम्मेनिम्म घेतात. मात्र गाडीच्या पुस्तकांत निराळें प्रमाण असल्यास तें पाळावें. विहिरीच्या जड पाण्याचा क्षार बारीक नळ्यांत बसतो. पुढचीं चाकें उंच जागीं ठेवून भरलें, म्हणजे हवा रेडिएटरच्या तोंडाकडे निघून जाते. हवा सोडण्याचा स्क्रू असेल, तर कूलंटची अखंड धार येईपर्यंत तो सैल ठेवावा. एंजिन एकदां तापून निवल्यावर पातळी पुन्हां पाहावी. चिखलाची जाळी धुतांना पाण्याचा जोर बेताचा ठेवावा व मागून पुढें धुवावें. जोराच्या फवाऱ्यानें पातळ पत्रे वाकतात. तापलेल्या एंजिनावर थंड पाणी ओतूं नये.

कूलंटमधील एथिलीन ग्लायकोल गोड लागतें व विषारी असतें. कुत्रें, वासरूं किंवा मूल तें चाटेल, तर मूत्रपिंडें निकामी होऊन प्राणावर बेततें. काढलेलें कूलंट गोठ्याजवळ किंवा पाटांत न ओततां बंद डब्यांत ठेवावें.

सौदा

टोपण, नळ्या, थर्मोस्टॅट, पंखा व सील हे दोष किरकोळ होत. दुर्मिळ गाडीचेंहि सील बहुधा मापावरून जुळवितां येतें व रेडिएटरची जाळी शहरांतील कारागीर नवी करून देतात; तेवढा खर्च किंमतींतून वजा करून गाडी घेण्यास हरकत नाहीं. परंतु हेड वाकलेलें किंवा सिलिंडर तडकलेला असेल आणि तो भाग कोठें मिळतो हें विक्रेत्यास सांगतां येत नसेल, तर गाडी कितीहि स्वस्त असली तरी ती सोडून द्यावी. परीक्षेसाठीं एंजिन थंड ठेवण्यास विक्रेत्यास आदल्या दिवशींच सांगावें. आपण पोंचतांच तें गरम आढळलें, तर तें निवेपर्यंत थांबावें आणि मगच किंमतीची गोष्ट काढावी.