कॉम्प्रेसरची पारख

भावगीत गाणारी गायिका पहिली ओळ जवळजवळ कुजबुजीच्या स्वरात म्हणते आणि अंतऱ्यात तारषड्जावर पूर्ण कंठाने स्थिरावते. समोर बसून ऐकणाऱ्या श्रोत्याला या दोन टोकांमधील अंतर हेच गाण्याचे सौंदर्य वाटते, परंतु तेच गाणे ध्वनिमुद्रित होऊन धावत्या मोटारीत वाजू लागले म्हणजे कुजबुज ऐकू येत नाही आणि तारषड्ज कानावर आदळतो. हे अंतर आवरण्याचे काम मिश्रणाच्या वेळी ज्या यंत्राकडे सोपविले जाते त्याचे नाव कॉम्प्रेसर. ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे ध्वनी गेला की हे यंत्र त्याला एका प्रमाणात खाली ओढते. प्रमाण चारास एक असे ठेवले तर मर्यादेच्या 8 डेसिबल वर गेलेला आवाज केवळ 2 डेसिबल वर राहतो, आणि मग सर्वच पातळी सरसकट उचलून घेतली असता मंद शब्दही स्पष्ट ऐकू येऊ लागतात.

इतके काम कोणताही कॉम्प्रेसर करतो. म्हणूनच संगणकावर या यंत्रांच्या डझनावारी प्रतिकृती सहज उपलब्ध झालेल्या आजच्या काळात, यांपैकी नेमके कोणते घ्यावे, हा प्रश्न मिश्रण करणाऱ्या तरुणाला भेडसावतो. पूर्वी स्टुडिओच्या दफ्तरी जे यंत्र जमा असेल त्यावरच भागवावे लागे. निवड करताना आवाज किती दाबला जातो याकडेच बहुतेकांचे लक्ष असते. पण माझे मत असे की, निवडीचा खरा निकष काळ हा आहे. यंत्र किती त्वरेने पकड घेते, ज्याला अटॅक म्हणतात, आणि किती वेळाने ती सोडते, ज्याला रिलीज म्हणतात, यांतच एका कॉम्प्रेसरचा स्वभाव दुसऱ्याहून निराळा ठरतो.

तबल्याच्या ‘ना’ या बोलाचेच पाहा. बोट किनारीवर पडताक्षणी उमटणारी तीक्ष्ण टकटक पहिल्या काही मिलिसेकंदांत संपते आणि मागे आस राहते. कॉम्प्रेसरने त्या टकटकीच्या आरंभीच पकड घेतली तर बोल बोथट होतो. तोच अटॅक 20 ते 30 मिलिसेकंदांचा ठेवला तर टकटक अबाधित निसटून जाते, दाब फक्त आसेवर पडतो आणि बोल मूळच्यापेक्षाही धारदार भासतो. यंत्र एक, प्रमाणही एक, आणि परिणाम मात्र परस्परविरुद्ध!

ज्या जुन्या यंत्रांच्या नकला आज सर्वत्र वापरल्या जातात त्यांचे स्वभाव या दृष्टीने पारखले म्हणजे गोंधळ पुष्कळसा निवळतो. जेम्स लॉरेन्स या अमेरिकन तंत्रज्ञाने 1960 नंतरच्या दशकात घडविलेल्या टेलेट्रॉनिक्स एलए-2ए या यंत्रात ध्वनीच्या जोमानुसार एक पट्टी उजळते आणि तिचा प्रकाश प्रकाशसंवेदी रोधकावर पडून आवाज खाली येतो. या व्यवस्थेला पकड घेण्यास काही मिलिसेकंद लागतात. सोडतानाही ती पहिला निम्मा दाब साधारण 60 मिलिसेकंदांत सोडते आणि उरलेला, प्रकाश किती व किती वेळ पडला होता त्याप्रमाणे, पुढील काही सेकंदांत सावकाश सोडते. वेळ ठरविण्याची मुभा वापरणाऱ्याला नाही. मुख्य बटणे दोनच. पण याच संथ, वळणदार सोडण्यामुळे मींड आणि दीर्घ स्वर यांना कोठेही धक्का लागत नाही, आणि गायनासाठी मी प्रथम याच जातीच्या यंत्राकडे वळतो.

शिकागोत आणि पुढे हॉलिवुडमध्ये स्टुडिओ उभारणाऱ्या बिल पटनमने 1967 मध्ये सिद्ध केलेला 1176 हा याच्या अगदी उलट प्रकृतीचा. ट्रान्झिस्टरच्या एका विशिष्ट प्रकारावर चालणारे हे यंत्र 20 मायक्रोसेकंदांत, म्हणजे एका मिलिसेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शात, पकड घेऊ शकते. त्याची अटॅक व रिलीजची बटणे उजवीकडे फिरविली असता वेग वाढतो, हे नवख्याने ध्यानात ठेवावे, कारण इतर पुष्कळ यंत्रांत याच्या उलट रीत आहे. गायिकेचा एखादाच शब्द अवचित उसळत असेल तर त्याचा बंदोबस्त 1176 करील. सारे गायनच खालीवर होत असेल तर एलए-2ए. आणि दोन्ही दोष एकत्र असतील तर आधी पहिल्याने उसळी छाटून मग दुसऱ्याने हलका हात फिरवावा, म्हणजे कोणत्याच यंत्रावर ताण येत नाही.

संपूर्ण मिश्रणावर बसवायच्या कॉम्प्रेसरची गोष्ट निराळी. तेथे डग्ग्याचा घुमारा यंत्राला चाळवतो आणि शिक्षा मात्र गायकाला होते: प्रत्येक घुमाऱ्यासरशी गळा क्षणभर मागे हटतो. यावर उपाय म्हणजे खालच्या स्वरांना यंत्राच्या निर्णयातून वगळणे, अथवा रिलीज लयीशी जुळवून घेणे. रीन नार्मा या एस्टोनियात जन्मलेल्या अभियंत्याने रचलेल्या फेअरचाइल्ड 670 या वीस व्हॉल्व्हांच्या अवजड यंत्रात रिलीज 0.3 सेकंदापासून 25 सेकंदांपर्यंत लांबविता येते, आणि आवाज जसजसा चढतो तसतसा दाबही हळूहळू वाढतो. मिश्रण एकजीव करण्यास असा स्वभाव मानवतो. नेमकेपणा हवा असेल तर डेव्हिड ब्लॅकमरच्या डीबीएक्सने 1970 नंतर रूढ केलेली, विद्युतदाबाने पातळी नियंत्रित करणारी जात अधिक आज्ञाधारक.

तुलना करताना एक दक्षता अनिवार्य आहे. जो आवाज किंचित मोठा तो कानाला अधिक गोड लागतो. म्हणून दोन्ही यंत्रांची बाहेर येणारी पातळी समान केल्याखेरीज निवाडा देऊ नये, आणि तोही गायन एकटे ऐकून नव्हे, तर सर्व वाद्यांसह ऐकून द्यावा. विलंबित ख्यालात तर दोन आलापांमधल्या विरामात कॉम्प्रेसर पकड सोडू लागतो आणि गायकाच्या मायक्रोफोनमध्ये शिरलेला तानपुऱ्याचा झंकार फुगून वर येतो. तेथे मी कोणतेच यंत्र न लावता फेडर, म्हणजे पातळी वरखाली करणारी सरकती कळ, हातानेच सांभाळतो.