पऱ्हाटीतली साखर : तीन दशकांचा मागोवा

१९ मार्च १९९१ रोजी अमेरिकेत दिले गेलेले पन्नास लाख क्रमांकाचे पेटंट एका जिवाणूसाठी होते. फ्लोरिडा विद्यापीठातील लोनी इंग्राम यांनी ई. कोलायमध्ये झायमोमोनास या जिवाणूची दोन जनुके बसवली. ई. कोलाय साखरेपासून नाना आम्ले तयार करतो. नव्या जनुकांमुळे साखर तुटून बनणाऱ्या पायरुव्हेटचा ओघ इथेनॉलकडे वळला. शिवाय मळी आंबवणाऱ्या यीस्टला न पचणारी झायलोजही तो खातो. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांत, हीच साखर असते; बीड जिल्ह्याला खरा उपयोग इथे आहे. माजलगाव-तेलगाव पट्ट्यात साखर कारखाने आहेत, पण दुष्काळी जिल्ह्यात ऊस धरणातल्या पाण्यावरच तगतो. उसाच्या इथेनॉलला सरकारी धोरणाचाही भरवसा नाही. ७ डिसेंबर २०२३ च्या आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्याला अचानक लगाम बसला. कोरडवाहू कापसाची पऱ्हाटी मात्र वेचणी संपली की चिमट्याने उपटून जाळली जाते, नाहीतर बांधावर पडून राहते. २०१७ मध्ये शेंदरी बोंडअळीने थैमान घातल्यापासून फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे राखणे) घेऊ नका, पऱ्हाटी साठवू नका, असे कृषी खाते सांगत आले आहे.

यावर कोणी म्हणेल, तंत्र इतके जुने, मग कारखाने कुठे आहेत? आक्षेप रास्त आहे. फ्लोरिडातला अशा इथेनॉलचा मोठा प्रकल्प बीपी या तेल कंपनीने २०१२ मध्ये गुंडाळला. पण अडचण केवळ जिवाणूची नव्हती. काडीतली साखर मोकळी करणे महाग, त्या प्रक्रियेत तयार होणारी द्रव्ये जिवाणूलाच मारक, आणि इंधनाला भाव बेताचा. याउलट टेनेसीत २००६ पासून मक्याच्या ग्लुकोजवर आणि इटलीत २०१६ पासून असेच जिवाणू धाग्यांची व प्लास्टिकची रसायने बनवतात. साखर स्वच्छ आणि माल महाग असला की गणित जुळते. म्हणून पऱ्हाटीकडून निव्वळ इंधनाची अपेक्षा चूक. लॅक्टिक आम्लासारखा माल हवा. त्यापासून प्लास्टिक बनवण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प प्राज या कंपनीने २०२४ मध्ये जेजुरीत सुरू केला आहे.

दुसरा आक्षेप सरपणाचा. पऱ्हाटी अनेक घरांत चुलीला लागते आणि वाहून न्यायला अवजड, म्हणून ती फुकट मिळेल हे धरून चालणाऱ्या योजना फसतील. जनुक बदललेल्या जिवाणूची भीती त्यामानाने कमी वजनाची. २००२ पासून बीटी कापूस उघड्या रानात पेरला जातो, हा जिवाणू बंद टाकीत राहतो आणि काम झाल्यावर उष्णतेने मारता येतो. जिवाणूचे काम प्रयोगशाळेने बरेचसे पार पाडले आहे. अडले आहे ते गोळा करणे, कुट्टी करणे आणि भाव ठरवणे. बीडने कारखान्याआधी क्विंटलमागे शेतकऱ्याच्या हाती काय पडेल, याची चाचणी मागावी.