आधी मात्रा, मग फोटो

स्टॉप मोशनमध्ये गाण्याचा व्हिडिओ करायचा असं मुलांनी ठरवलं की घरातून पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा येतो. दुसरा येतो तो खर्चाचा. गाण्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. भिलाईच्या सेक्टर २ मधल्या स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये, एका खोलीत, एका टेबलावर कागद, माती, नट-बोल्ट आणि आगकाड्या मांडून असा व्हिडिओ नक्की करता येतो. अडतं ते गाणं न मोजता फोटो काढायला बसल्यामुळे. या कलेबद्दलचे बहुतेक गैरसमज शेवटी तिथेच येऊन पोचतात.

एक गैरसमज मात्र इतिहासाचा आहे. हे तंत्र परदेशी आणि अलीकडचं, आपल्याकडे त्याला मागचं काही नाही, असं मुलांना वाटतं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपत रोपाची वाढ चित्रित केली. भांडवल घालणाऱ्याला पटवायला त्यांनी हीच फिल्म दाखवली. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. त्यात नाचत होत्या त्या काड्या. तो आज पाहायला मिळत नाही. पण सेक्टर २ मधल्या एखाद्या मुलीने आगपेटी उघडून टेबलावर काड्या मांडल्या, तर ती मराठी माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केलेलं कामच पुढे नेत असते, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

या दोन फिल्म शेजारी ठेवल्या की आणखी एक गोंधळ मिटतो. वाटाण्याचं रोप आपलं आपण वाढत होतं, फाळके फक्त टिपत होते. तो टाइम-लॅप्स. काड्या आपण होऊन हलत नाहीत. प्रत्येक फोटोच्या आधी कुणीतरी त्या हलवल्या, म्हणून तो स्टॉप मोशन. हलवायची वस्तू मातीचीच हवी असंही नाही. कागदी कात्रणं, कडधान्य, वॉशर, चपला, इतकंच काय जिवंत माणसंही चालतात. नॉर्मन मॅकलॅरनने १९५२ मध्ये ‘नेबर्स’ या लघुपटात माणसांनाच बाहुल्यांसारखं एकेक चौकट सरकवलं आणि त्याला ऑस्कर मिळालं.

आता मुख्य गैरसमजाकडे येऊ: “फोटो काढून ठेवू, गाणं नंतर लावू.”

हिशेब करून पाहा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. स्टॉप मोशनमध्ये एक फोटो दोन चौकटी ठेवण्याची जुनी पद्धत आहे, म्हणजे सेकंदाला १२ फोटो. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे १८० सेकंद, म्हणजे २,१६० फोटो. हलवणं, हात बाहेर काढणं, तपासणं, टिपणं हे सगळं मिनिटात उरकलं, तरी तासाला ६० फोटो होतात आणि त्यातून पडद्यावरचे पाच सेकंद मिळतात. अख्ख्या गाण्याला ३६ तास लागतात. एवढं करून गाणं लावलं आणि बाहुलीचं पाऊल समेच्या जरासं मागे पडलं, तर ते सरकवायला जागा नसते. नेहमीच्या चित्रीकरणात चार जादा टेक हाताशी असतात, इथे एकही नसतो.

म्हणून आधी गाणं मोजायचं. ज्यांच्या घरात तबला किंवा ढोलकी वाजते त्यांना हे शिकवावं लागत नाही. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे सहा फोटोंची. लय ९० असेल तर आठ, ८० असेल तर नऊ. केरव्याच्या आठ मात्रा १२०च्या लयीत वाजल्या तर एका आवर्तनाला ४८ फोटो लागतात. दादऱ्याच्या सहा मात्रा ९०च्या लयीत वाजल्या तरी ४८च. हा आकडा एकदा हाती आला की नाच रचता येतो: समेवर पाऊल, खालीच्या मात्रेवर मान, मधल्या फोटोंत हात वर.

लय १०० असेल तर एका मात्रेला ७.२ फोटो येतात, आणि फसगत इथेच होते. दर मात्रेला सात फोटो काढत गेलं तर साठाव्या मात्रेला हिशेबात १२ फोटो कमी पडलेले असतात. नाच गाण्यापासून पूर्ण एक सेकंद सुटतो, आणि हे कळतं शूटिंग संपल्यावर. उपाय सोपा आहे. चार मात्रांना सात-सात फोटो द्यायचे, पाचवीला आठ. पाच मात्रांचे तीन सेकंद आणि ३६ फोटो बरोबर जुळतात.

भिलाईच्या मुलांना छत्तीसगढच्या पंथी नाचावर काही करावंसं वाटलं तर मला आनंदच होईल, मात्र तिथे हा गुणाकार चालणार नाही. पंथीची लय संथ सुरू होते आणि चढत जाते, तिचं सौंदर्यच त्यात आहे. अशा गाण्याच्या मात्रा एकेक करून खुणावाव्या लागतात. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची लहर दिसते. मांदर ढोलाच्या प्रत्येक थापेवर खूण करायची, तिची वेळ सेकंदात वाचायची आणि १२ने गुणायचं. आलेला आकडा म्हणजे त्या थापेच्या फोटोचा क्रमांक. हे एका वहीत, गाण्याच्या ओळींसमोर लिहून काढायचं. मग प्रत्येक ओळीचं एक साधं चित्र काढायचं, मोबाइलने त्याचा फोटो घ्यायचा आणि ती चित्रं गाण्यावर तितकाच वेळ ठेवून पाहायचं. याला अॅनिमॅटिक म्हणतात. मोठ्या स्टुडिओंचं काम म्हणून मुलं ते टाळतात, पण दोनच सुट्ट्या हातात असलेल्या मुलांना ते जास्त लागतं. कुठलं दृश्य कंटाळवाणं आहे ते एकही फोटो न काढता समजतं.

“जितके जास्त फोटो तितकं चांगलं” हेही खरं नाही. ओरेन लावीच्या ‘हर मॉर्निंग एलिगन्स’ या २००९च्या व्हिडिओत २,०९६ फोटो आहेत. साडेतीन मिनिटांच्या गाण्याला सेकंदाला सरासरी दहाच पडतात, तरी पलंगावर झोपलेली मुलगी तरंगताना दिसते. दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला ‘एक अनेक और एकता’ आठवत असेल. १९७४चा तो लघुपट हाताने काढलेल्या चित्रांचा, दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अॅनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाई यांचं. त्यात हालचाल मोजकीच आहे. नजर खिळते ती संगीत आणि हालचाल एका जागी भेटतात म्हणून. बाहुली अर्धी ओळ निश्चल उभी राहिली आणि बरोबर समेवर वळली, तर ते वळणं सतत हलण्यापेक्षा उठून दिसतं. ध्रुवपद परत आलं की आधीचे काही फोटो परत वापरायलाही हरकत नाही.

ओठांच्या हालचालीची मुलांना फार धास्ती असते. वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षराला वेगळं तोंड करायला लागत नाही. मिटलेलं, थोडं उघडं, मोठं उघडं, गोल आणि पसरट अशी पाच कागदी तोंडं पुरतात. जपायचे ते ओष्ठ्य वर्ण. प, फ, ब, भ, म आला की ओठ मिटलेच पाहिजेत, आणि आवाजाच्या एक फोटो आधी मिटले तर जास्त खरं वाटतं. पीटर गॅब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’मध्ये (१९८६) गायकाचे ओठच चौकटीगणिक जुळवले आहेत. दिग्दर्शक स्टीफन जॉन्सन आणि आर्डमन स्टुडिओ यांच्या त्या कामासाठी गॅब्रिएल १६ तास काचेखाली पडून होता, असं सांगितलं जातं.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. मोबाइल पुरतो. तो हलता कामा नये आणि त्याने स्वतःहून काही ठरवता कामा नये. स्टँड टेबलाला घट्ट बांधा, फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. स्क्रीनला बोट लावून फोटो काढला की चौकट थरथरते. वायरवाल्या इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने बऱ्याच मोबाइलवर फोटो निघतो, ते वापरा.

उजेडाची गोष्ट मात्र मोठी आहे. “खिडकीपाशी भरपूर उजेड आहे, तिथेच करू” हा सल्ला घरातली मोठी माणसं प्रेमाने देतात. पण एका तासात ऊन सरकतं, ढग येतो, आणि पडद्यावरच्या पाच सेकंदांत तो सगळा तास लुकलुकतो. खिडकीला जाड चादर लावून दोन दिव्यांवर काम करावं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. शटर १/५० किंवा १/२५ ठेवलं की प्रत्येक फोटोला सारखा उजेड मिळतो. फ्रिज किंवा कूलर सुरू होताना दिवा क्षणभर मंदावतो, तेव्हा थांबा. गडद कपडे घाला, कारण पांढऱ्या शर्टावरून परतलेला उजेड सेटवर पडतो.

भिलाईत मे महिन्यात हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पारा ४५च्या आसपास जातो. कूलर लावला तर कागद उडतो आणि बंद ठेवला तर तेलाची क्ले मऊ होऊन बाहुलीची मान कलते. दिवाळीची सुट्टी उत्तम. घरात कुणाची नाइट शिफ्ट असेल तर दिवसा त्यांची झोप असते, तेही वेळापत्रकात लिहा. टेबल त्याच खोलीत असेल तर काम संध्याकाळीच करा. आणि एकट्याने करू नका. एकाने हलवावं, एकाने फोटो घ्यावा, एकाने वहीतल्या क्रमांकावर खूण करावी. तिसरं काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, पण नाच गाण्यावर राहतो तो याच माणसामुळे.

शेवटचा गैरसमज कायद्याचा. “गायकाचं नाव दिलं की गाणं वापरता येतं”, “तीस सेकंदांपर्यंत चालतं” असं मुलं एकमेकांना सांगतात. श्रेय देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे, आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरतं ध्वनिमुद्रण ऐकवायला कायदा मुभा देतो. तोच व्हिडिओ इंटरनेटवर टाकणं वेगळं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पारंपरिक ओवी, भोंडल्याचं गाणं किंवा छत्तीसगढी सुवा गीत मोकळं असतं, पण त्याचं कुणी केलेलं रेकॉर्डिंग मोकळं नसतं.

म्हणून आजीने, मावशीने किंवा वर्गातल्या मैत्रिणीने गायलेलं गाणं पंखा बंद करून मोबाइलवर रेकॉर्ड करावं. गाणारीच्या कानात इअरफोनवर मेट्रोनोम ९०वर ठेवला तर लय हवी तशी मिळते आणि मात्रेला आठ फोटोंचा सरळ हिशेब हाती येतो. गाणं सुरू होण्याआधी चार टाळ्या त्याच लयीत वाजवून घ्या. पहिल्या फोटोचं आणि पहिल्या स्वराचं ठिकाण त्या टाळ्यांच्या लहरींवरून अचूक जुळवता येतं.