धुराडे किती दिवसांनी झाडावे?

दिवाळी आटोपली, की अहिल्यानगर जिल्ह्यातील वाड्या-वस्त्यांवर पहाटे बंब पेटू लागतात. घरात गॅसची शेगडी आली, तरी अंघोळीचे पाणी सरपणावरच तापवायचे, ही वाटणी अनेक घरांत अजून कायम आहे. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात पावसाळाभर चूल थंड होत नाही. कुठे पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या, ऊसपट्ट्यात पाचट, माळरानावर वेडी बाभूळ, असे ज्याच्या त्याच्या शिवारातले जळण. अलीकडे त्यात पेलेटची भर पडली आहे. लाकडाचा भुसा, उसाची चिपाडे किंवा शेतातला काडीकचरा दळून, दाबून केलेल्या या कांड्या करंगळीपेक्षाही बारीक असतात. राज्यात अनेक ठिकाणी खाणावळी आणि आचाऱ्यांच्या भट्ट्यांत त्या जळतात.

जळण कोणतेही असो, धूर बाहेर नेण्याचे काम एका नळीवर सोपवलेले असते. ती नळी आतून कशी आहे, हे मात्र सहसा कुणी पाहिलेले नसते. धूर घरात मागे फिरू लागला, डोळे चुरचुरू लागले, की मग कुणीतरी काठी घेऊन छपरावर चढते. तोवर त्या घरातल्या बाईने कित्येक आठवडे तो धूर छातीत घेतलेला असतो. म्हणून ‘धुराडे किती दिवसांनी साफ करायचे’ हा प्रश्न वरवर घरकामाचा वाटला, तरी तो आरोग्याचा आहे.

नळी कशी चोंदते

गरम हवा हलकी असते. ती नळीतून वर चढते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत खेचली जाते. या खेचीवरच धुराड्याचे सारे काम चालते. धुराडे जितके उंच आणि आतला धूर जितका गरम, तितकी खेच चांगली. नळी अरुंद झाली किंवा धूर गार पडला, की खेच मंदावते.

नळीत तीन गोष्टी साचतात. पहिली राख. ती हलकी असते आणि धुराबरोबर उडून वळणावर किंवा आडव्या भागात बसते. दुसरी काजळी, म्हणजे अर्धवट जळालेल्या कर्बाचे बारीक कण. तिसरे डांबर. लाकूड पुरते जळले नाही, तर त्यातील तेलकट वाफा धुरात राहतात आणि नळीच्या गार भिंतीवर घट्ट होतात. काळा, चिकट आणि पुढे वाळून काचेसारखा कडक होणारा हा थर सर्वांत त्रासाचा. तो सहज झाडून निघत नाही आणि स्वतः पेट घेऊ शकतो. छप्पर पाचटाचे किंवा गवताचे असेल, तर नळीत लागलेली आग घरावर जायला वेळ लागत नाही.

थर किती जाड झाला म्हणजे वाईट? हिशेब सोपा आहे. चार इंची नळीत चहूबाजूंनी तीन मिलिमीटर थर बसला, तर धुराची वाट सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते. सहा मिलिमीटर बसला, तर जवळपास चौथा हिस्सा जातो. बारा मिलिमीटर, म्हणजे साधारण अर्ध्या इंचाच्या थराने ४० टक्क्यांहून अधिक वाट बंद होते. शिवाय खडबडीत थराला धूर अडखळतो तो वेगळाच. तीन मिलिमीटर ही धोक्याची पहिली खूण धरावी, असे अमेरिकेतील धुराडे सफाईचे जाणकार सांगतात. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली, तर साधारण तेवढीच जाडी होते.

तारीख जळण ठरवते

जर्मनीत धुराडी झाडणे कायद्याने बंधनकारक आहे. लाकूड-कोळशाच्या शेगडीचा वापर किती, यावरून वर्षातून एकदा ते चार वेळा सफाई करावी लागते. पेलेटच्या शेगडीचे धुराडे वर्षातून किमान एकदा झाडावे, असा सर्वसाधारण सल्ला थंड देशांत दिला जातो. पण हे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून आपल्याकडे चालत नाही, कारण जळण वेगळे आहे.

त्या देशांतील पेलेट प्रामुख्याने साल काढलेल्या लाकडाच्या भुशाचे असतात. त्यात राखेचे प्रमाण एक टक्क्याच्या आतबाहेर असते. आपल्याकडील पेलेट बहुधा शेतमालाच्या अवशेषांपासून बनतात. त्यांत राख कित्येक पट जास्त असते. भाताच्या तुसात तर ती १५ ते २० टक्क्यांपर्यंत जाते. राख पाचपट, तर नळी भरण्याचा वेगही त्याच हिशेबाने वाढणार. शिवाय अशा राखेत सिलिका आणि पोटॅश असल्याने ती जास्त तापली की वितळून तिचे खंगर बनतात. ते जाळीत अडकले, की हवा मिळत नाही आणि धूर वाढतो.

पेलेट कोरडे असतात, ही मात्र त्यांची मोठी जमेची बाजू. त्यांत ओल साधारण दहा टक्क्यांच्या आत असते. पंख्याने पुरेशी हवा मिळाली, तर ते जवळजवळ धुराविना जळतात आणि डांबर फार कमी साचते. महाराष्ट्राने याचा अनुभव घेतलेला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर आधारलेली ‘ऊर्जा’ नावाची पेलेटची शेगडी २००६ पासून महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत विकली गेली. तिच्यात छोटा पंखा होता, धुराडे नव्हते. सुमारे चार लाख शेगड्या खपल्या. पुढे उसाच्या चिपाडांना इतर गिऱ्हाईक मिळून कच्चा माल महागला, पेलेटचे भाव चढले आणि बहुतेक घरांत ती शेगडी कोपऱ्यात गेली.

ओल्या सरपणाची गोष्ट याच्या उलट. ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. चुलीची बरीचशी उष्णता ते पाणी आटवण्यातच जाते. धूर गार आणि ओलसर राहतो आणि डांबराचा थर भराभर चढतो. पावसाळ्यात धुराडे लवकर चोंदते ते यामुळे. ओंडके फोडून, वळचणीला रचून, एक उन्हाळा वाळवलेले सरपण हीच धुराड्याची निम्मी सफाई आहे.

बंबाचे गणित आणखी निराळे. त्याची नळी चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली असते. पहाटे गार पाणी भरून बंब पेटवला, की नळीची भिंत थंडगार असते आणि धुरातले डांबर थेट तिच्यावर बसते. हा थर उष्णता अडवतो, म्हणून पाणी तापायला वेळ लागतो आणि सरपणही जास्त जाते. ‘बंब हल्ली लवकर तापत नाही’ ही तक्रार बहुतेकदा नळीची असते.

मग किती दिवसांनी?

रोज पेटणाऱ्या धुराड्याच्या चुलीला कोरडे सरपण असेल, तर महिन्यातून एकदा धुराडे झाडणे हा सुरुवातीचा नियम धरावा. पावसाळ्यात किंवा ओल्या जळणावर तो पंधरा दिवसांवर आणावा. बंबाची जाळी रोज, नळी हिवाळ्यात दर आठ ते पंधरा दिवसांनी. पेलेटच्या शेगडीत जळण्याची वाटी आणि राखेचा खण रोज रिकामा करावा. धुराड्याचे वळण आणि आडवा भाग पहिल्यांदा महिन्याने उघडून पाहावा. थर दोन नाण्यांपेक्षा बराच कमी असेल, तर मुदत वाढवावी. जास्त असेल, तर निम्मी करावी. दोन-तीन महिन्यांत त्या घराचा स्वतःचा हिशेब बसतो.

मुदत येण्याआधीही नळी स्वतः खुणा देते. ज्योत पिवळी आणि सुस्त होते. धूर चुलीच्या तोंडाकडे वळतो. सांध्यांवरून काळे, चिकट ओघळ येतात. भांड्यांची बुडे पूर्वीपेक्षा जास्त काळी होतात. साधी परीक्षा अशी : चूल थंड असताना तिच्या तोंडाशी कागदाची पेटती सुरळी धरावी. ज्योत आत ओढली गेली, तर वाट मोकळी आहे. ती सरळ राहिली किंवा बाहेर झुकली, तर धुराडे झाडल्याशिवाय चूल पेटवू नये.

निगा सुटली, तर

धुराड्याची चूल आपल्याकडे नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली. केंद्र सरकारच्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९८३ ते २००२ या काळात देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रातील गावांमध्ये ‘निर्धूर चूल’ हा शब्द रुळला तो याच काळात. चुली बसवल्या, पण त्यांची निगा कुणी राखायची, हे बऱ्याच ठिकाणी ठरलेच नाही.

त्याचा परिणाम ओडिशातील एका मोठ्या अभ्यासाने दाखवला. रेमा हॅना, पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी धुराड्याच्या चुली मिळालेल्या कुटुंबांची चार वर्षांपर्यंत पाहणी केली. पहिल्या वर्षी घरातील स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला होता. पुढच्या वर्षांत तो फरक पुसला गेला. चुली फुटत गेल्या, त्यांची डागडुजी आणि सफाई झाली नाही, वापरही घटला. दीर्घकाळात ना आरोग्य सुधारले, ना सरपण वाचले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा धडा स्पष्ट आहे : न झाडलेले धुराडे असून नसल्यासारखे.

धुराची किंमत काय, हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. विडी-सिगारेट कधीही न ओढलेल्यांनाही दम्यासारखा, पण बरा न होणारा सीओपीडी हा श्वासरोग होतो आणि जगाचा विचार करता त्यामागे चुलीचा धूर हेच सर्वांत मोठे कारण असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

तातडीचा धोका असतो कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. नळी चोंदलेला बंब बंद न्हाणीघरात पेटवला, तर धूर फारसा दिसत नसतानाही हा वायू साचतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही त्याची पहिली लक्षणे. अशा वेळी आधी माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे. बंब अंगणात किंवा पडवीतच असावा आणि निखारे रात्री झोपायच्या खोलीत कधीही नेऊ नयेत.

झाडताना

काजळी ही साधी धूळ नव्हे. लंडनमधील धुराडी झाडणाऱ्या मुलांना आणि पुरुषांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्ये काजळीशी जोडला. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. म्हणून नाका-तोंडावर चांगला मास्क, हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत आणि काम झाल्यावर साबणाने अंघोळ करावी. लहान मुलांना हे काम सांगू नये.

चूल आदल्या रात्रीपासून पूर्ण थंड असावी. चुलीचे तोंड ओल्या गोणपाटाने झाकावे, म्हणजे काजळी घरभर उडत नाही. बांबूला बांधलेला काथ्याचा कुंचा किंवा नळीच्या मापाचा ब्रश वरून खाली फिरवावा. तापलेल्या नळीत पाणी ओतू नये; ती तडकते. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊन चढू नये. त्याखाली आधार नसेल, तर पत्रा फुटतो. खाली पडलेल्या राखेत निखारा दडलेला असू शकतो, म्हणून ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावी.

जुन्या निर्धूर चुलींना बसवलेल्या नळ्या बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या असतात. त्या लोखंडी सळईने खरवडू नयेत, फोडू नयेत. त्यातून सुटणारे तंतू फुप्फुसात गेल्यास वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो. अशी नळी किंचित ओली करून मऊ कुंच्याने झाडावी. तिला तडे गेले असतील, तर ती अखंड उतरवून पत्र्याची नळी बसवणे उत्तम.

एवढे सारे लक्षात ठेवायला वेगळी वही लागत नाही. महिन्याची अमावास्या धुराड्याची ठरवावी. मृगाच्या पावसाआधी आणि दसऱ्याच्या साफसफाईत टोपण काढून नळी आरपार पाहावी. आठवडी बाजाराच्या दिवशी कागदाची सुरळी पेटवून खेच तपासावी. चुलीमागच्या भिंतीवर खडूने शेवटच्या सफाईची तारीख लिहून ठेवली, तर छपरावर चढायची पाळी कुणाची, हेही घरात सगळ्यांना कळते.