चार पायांवरचं घर आणि गळका जॅक

मोटारहोम मुक्कामी पोचली की चहाचं आधण ठेवण्याआधी एक काम असतं: गाडी समपातळीत उभी करायची. अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडची जमीन नेहमी सपाट मिळतेच असं नाही. सात-आठ टनांचं हे घर थोडं जरी कललं तरी झोपलेल्याला डोकं जड वाटतं आणि न्हाणीघरातलं पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे येतं. पण खरा फटका बसतो फ्रिजला. जुन्या मोटारहोममध्ये सहसा कॉम्प्रेसर नसलेला, गॅसच्या ज्योतीवरही चालणारा फ्रिज असतो. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये त्याची रचना केली. त्यात अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण पंपाशिवाय, नुसत्या उतारावरून वाहत परत बॉयलरकडे येतं. गाडी फार वेळ कलती उभी राहिली तर ते वाटेतच साचतं, बॉयलर फाजील तापतो, नळ्यांच्या आत क्षार धरतो आणि फ्रिज कायमचा बाद होऊ शकतो.

म्हणून गाडीच्या पोटाखाली हायड्रॉलिक जॅक आले. आयोवा राज्यात मॉस्को नावाचं छोटं गाव आहे, तिथली एचडब्ल्यूएच ही कंपनी या कामात नावाजलेली. तिचे जॅक असंख्य जुन्या गाड्यांखाली आजही दिसतात. त्यांतला एक प्रकार प्रवासात चासीला समांतर आडवा असतो. बटण दाबलं की आधी तो वळून सरळ उभा होतो, मग त्याचा चकचकीत दांडा जमिनीकडे सरकतो. मुक्काम हलवताना व्हॉल्व्ह उघडतो आणि दोन्ही बाजूंच्या जाड स्प्रिंगा दांड्याला ओढून परत घरात घेतात. ताकद येते ती १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या लहानशा पंपातून. आकडे मांडून बघा: पाच सेंटीमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ जवळजवळ २० चौरस सेंटीमीटर. त्यावर २०० बारचा दाब दिला की साधारण चार टन वजन उचललं जातं. असे चार जॅक म्हणजे घर उचलून वर ताकद उरते.

एवढा दाब अडवून धरतं ते दांड्याभोवतीचं रबराचं एक कडं. या कड्याचा इतिहास मला जॅकच्या इतिहासाहून मोठा वाटतो. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व पास्कलने त्याच्या शतकाहून जास्त आधीच सांगून ठेवलं होतं. अडचण होती गळतीची. आवळलेलं पॅकिंग पाणी अडवायचं, पण दांड्यालाही घट्ट धरून ठेवायचं. तोड निघाली ती कपाच्या आकाराच्या चामडी सीलमधून. दाब वाढेल तसा त्या कपाचा ओठ स्वतःहून दांड्यावर जास्त आवळतो आणि दाब उतरला की सैल पडतो. याचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यातला कारागीर हेन्री मॉड्सले याला दिलं जातं. पुढे डेन्मार्कहून अमेरिकेत आलेल्या नील्स क्रिस्टेन्सेनने ओ-रिंगची खाच आणि रिंग यांचं गणित बसवलं. त्या पेटंटवर १९३९ मध्ये मोहोर उमटली तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. आज जॅक उघडला तर आत दोघांचेही वारस सापडतात: ओठाचं सील आणि गोल ओ-रिंग, फक्त चामड्याच्या जागी नायट्राइल रबर किंवा पॉलियुरेथेन.

वीस-पंचवीस वर्षं झालेल्या गाडीत हे रबर कडक होतं. ते वयाने होतंच, त्यात उन्हाची आणि इंजिनाच्या उष्णतेची भर पडते. पण जुनं रबर हे एकटंच कारण धरलं तर दुरुस्ती फसते. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ दांड्याच्या क्रोमखाली शिरतं आणि गंजाचे बारीक खड्डे पाडतं. गाडी महिनोन्महिने जॅकवर उभी ठेवली तर उघड्या दांड्यावर धूळ बसते, आणि दांडा आत जाताना ती धूळ सीलवर घासली जाते. सर्वांत बाहेरचं वायपर नावाचं कडं ही धूळ झाडायलाच असतं. ते फाटलं की आतल्या सीलचे दिवस भरले.

गळती नेमकी कुठून होते हे शोधण्यात खरं कसब आहे. या जॅकांत बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल असतं, त्यामुळे काँक्रीटवरचा डाग लगेच ओळखू येतो. पण थेंब जिथे पडतो तिथेच गळत असतं असं नाही. होजच्या जोडातून झिरपलेलं तेल होजच्या पोटावरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाशी येतं आणि तिथून टपकतं. मालक जॅक उघडायला निघतो आणि दोष असतो हातभर वरच्या सैल नटमध्ये. जाणता फिटर घाईने पाना उचलत नाही. आधी तो सगळा भाग डीग्रीझरने धुऊन कोरडा करतो, त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरतो आणि जॅक दाबाखाली ठेवून थांबतो. पांढऱ्या पावडरीवर पहिली लाल रेघ जिथून सुरू होते तिथे दोष. दांडा जिथून बाहेर येतो त्या कडेला लाल कडं उमटलं तर सील गेलं. वर जोडापाशी रेघ दिसली तर काम पान्याच्या एका वेढ्यात किंवा एका ओ-रिंगमध्ये भागतं. मात्र गळती हाताने चाचपू नये. सुईच्या छिद्रातून या दाबाने सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टोचल्याएवढी दिसते, पण तेल आत पसरतं आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला तर बोट किंवा हातही गमवावा लागतो. धार शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा.

दोन फसव्या गोष्टी इथेच सांगायला हव्यात. काही जण जॅक खाली सोडलेले असतानाच टाकीतलं तेल बघतात आणि कमी दिसलं म्हणून काठोकाठ भरतात. जॅक वर घेतले की सिलिंडरांतलं सगळं तेल टाकीत परततं आणि हवेच्या झाकणातून उतू जातं. खाली डाग पडतो, पण गळती कुठेच नसते. तेल तपासायचं ते चारही जॅक आत घेऊनच. दुसरी फसगत याच्या उलट असते. सकाळी उठून बघावं तर गाडीचा एक कोपरा बसलेला, आणि खाली थेंबही नाही. हे तेल बाहेर न येता आतल्या आत, नीट न मिटलेल्या व्हॉल्व्हमधून टाकीत परत गेलेलं असतं. बहुतेक वेळा कारण कचऱ्याचा एखादा कण. एकसारखे दोन व्हॉल्व्ह आपसांत बदलून बघावेत. दोष दुसऱ्या कोपऱ्यावर गेला तर व्हॉल्व्हच खराब. अशा वेळी जॅकचं सील बदलून काही उपयोग होत नाही.

जॅक उतरवायचा ठरला तर पहिलं काम आधाराचं. गाडीच्या वजनाला पेलतील अशा लोखंडी घोड्या चासीच्या मुख्य कांबींखाली, सपाट टणक जमिनीवर लावायच्या, चाकांना अडण्या द्यायच्या. हायड्रॉलिक जॅक उचलण्यासाठी असतो. माणसाच्या जिवाची हमी त्याच्यावर सोडता येत नाही. ज्या गाडीला एअर सस्पेन्शन आहे, तिच्या पिशव्यांतली हवा गेली की सगळा सांगाडा झपकन खाली येतो. त्यानंतर दाब पूर्ण उतरवायचा आणि मग ताणलेल्या स्प्रिंगा काढायच्या. त्या निसटल्या तर हाड मोडू शकतं. होज सोडवली की दोन्ही तोंडं तिथल्या तिथे बुचांनी बंद करावीत, कारण आत गेलेली माती पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते.

मग दांडा टेबलावर येतो आणि निकाल लागतो. त्याच्यावरून बोटाचं नख हलकेच फिरवावं. नख कुठेच अडलं नाही तर नवं सील टिकेल. डाग नुसता वरवरचा असला तर बारीक पॉलिश पेपर दांड्याभोवती गोल फिरवून काढता येतो. लांबीच्या दिशेने घासलं तर त्याच रेघांतून तेल वाट काढतं. नख खड्ड्यात अडलं तर मोह आवरावा. दांडा क्रोम करून ग्राइंड करून घ्यावा किंवा नवा मिळवावा, नाहीतर तो खड्डा नव्या सीलचा ओठ कुरतडून टाकतो. जुनं सील काढायला स्क्रूड्रायव्हर नको, त्याने खाच चरते. पितळी किंवा लाकडी टोक वापरावं. नवं सील त्याच तेलात बुडवून बसवायचं आणि ओठ दाबाच्या बाजूला, म्हणजे सिलिंडरच्या आत, ठेवायचा. उलटं बसलेलं सील नवं कोरं असूनही पहिल्याच दिवशी गळतं. होजच्या शंकूसारख्या जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तिथे धातूवर धातू बसून गळती थांबते, आणि टेपचे तुकडे आत गेले तर व्हॉल्व्ह अडकतो. ब्रेक ऑइल तर चुकूनही घालू नये, त्याने नायट्राइलचं सील फुगून निकामी होतं. शेवटी जॅक काही वेळा पूर्ण खाली-वर करून हवा काढली, सगळे जॅक आत घेऊन तेलाची पातळी बघितली, की काम झालं.

जुन्या मॉडेलचा सुटा भाग मिळत नाही, म्हणून अख्खा जॅक बदला, असं मालकाला सर्रास सांगितलं जातं. मला हा सल्ला पटत नाही. सील हे मापाने मिळतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची आणि ओठाचा आकार. गाडी कोणत्या कंपनीची, हे सीलला ठाऊक नसतं. आयोवा आणि इंडियाना हे शेतीचे प्रदेश. तिथे ट्रॅक्टर आणि लोडरचे सिलिंडर दुरुस्त करणारी दुकानं आहेत. जुनं सील घेऊन तिथल्या काउंटरवर गेलं तर बऱ्याचदा त्याच मापाचं हातात पडतं. उसाच्या पट्ट्यात ट्रॉलीचा किंवा टिपरचा जॅक उघडणारा आपला फिटर हेच करतो, तेही वर्नियर हातात घेऊन. ज्याला सिलिंडर कळतो त्याला मोटारहोमचा जॅक परका नाही.

अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं जुनी मोटारहोम बघायला जातात तेव्हा आतलं फर्निचर आणि पडदे निरखतात. सौदा ठरवण्याआधी चारही जॅक खाली सोडायला सांगा. प्रत्येक दांड्यावरून टॉर्च फिरवा, गंजाचे खड्डे बघा. शक्य असेल तर गाडी रात्रभर जॅकवर उभी ठेवून सकाळी पातळी तपासा. दांडे स्वच्छ असतील आणि फक्त सील गळत असेल तर तेवढ्यासाठी चांगली गाडी सोडू नका. दांड्यांना खड्डे पडले असतील तर त्या खर्चाचा आकडा किमतीतून वजा करून घ्या. आणि गाडी तुमची झाली की दर मुक्कामानंतर जॅक आत घेण्याआधी दांडे स्वच्छ कापडाने पुसा. ते करताना गाडीच्या बाजूला बसूनच हात पोचवा, घोड्या लावल्याशिवाय खाली सरकू नका.