गोबर गॅसचा हिशोब

एका वर्गात 60 मुले आहेत. त्यांपैकी 15 मुले वाचनालयात जातात. दुसऱ्या वर्गात 20 मुले आहेत. त्यांपैकी 10 मुले वाचनालयात जातात. वाचनाची आवड कोणत्या वर्गात अधिक आहे? 15 हा आकडा मोठा आहे, तरी तुम्ही दुसऱ्या वर्गाचेच नाव घ्याल. कारण तेथील निम्मी मुले वाचतात. देशांची तुलना करतानाही असाच विचार करावा लागतो. आपण नेपाळ आणि त्याच्या भोवतालचा दक्षिण आशिया यांतील गोबर गॅसच्या वापराची तुलना करू या.

गोबर गॅस कसा तयार होतो? शेणात तेवढेच पाणी कालवतात आणि ते जमिनीखालच्या बंद टाकीत सोडतात. टाकीत हवा नसते. हवेशिवाय जगणारे सूक्ष्म जंतू तेथे शेण कुजवतात. त्यातून मिथेन नावाचा जळणारा वायू निघतो. तो नळीने स्वयंपाकघरात येतो. त्याची ज्योत निळी असते आणि धूर होत नाही. टाकीतून बाहेर पडणारी शेणाची रबडी शेताला खत म्हणून उपयोगी पडते.

नेपाळमध्ये 1955 साली काठमांडूजवळील गोदावरी येथील एका शाळेत असा पहिला प्रयोग झाला. तेथील एका शिक्षकाने लोखंडी पिंपात शेण भरून गॅस तयार केला. पुढे 1992 मध्ये नेदरलँड्सच्या मदतीने मोठी योजना सुरू झाली. शेतकऱ्याला टाकीसाठी अनुदान मिळू लागले. टाकी बांधणाऱ्यावर काही वर्षे तिची देखभाल करण्याचे बंधन घातले गेले. आतापर्यंत तेथे चार लाखांहून अधिक टाक्या बांधल्या गेल्या आहेत.

भारतात सरकारने 1981 साली राष्ट्रीय योजना सुरू केली. येथे सुमारे 50 लाख टाक्या बांधल्या गेल्या. आकडा भारताचा मोठा आहे. पण भारताची लोकसंख्या सुमारे 140 कोटी, तर नेपाळची सुमारे तीन कोटी आहे. आता भागाकार करा. भारतात सुमारे 280 माणसांमागे एक टाकी येते. नेपाळमध्ये सुमारे 75 माणसांमागे एक. दक्षिण आशियातील बहुतेक टाक्या भारतातच आहेत. पाकिस्तान, बांगलादेश अशा मोठ्या शेजाऱ्यांकडे त्या थोड्या आहेत. त्यामुळे सर्व प्रदेशाचा हिशोब केला, तर नेपाळ आणखी पुढे दिसतो.

पण येथेच थांबू नका. बांधलेली टाकी म्हणजे वापरलेला गॅस नव्हे. थंडीत जंतूंचे काम मंदावते. म्हणून नेपाळच्या डोंगराळ भागात हिवाळ्यात गॅस कमी मिळतो. लहान कुटुंबाच्या स्वयंपाकासाठी रोज सुमारे 50 किलो शेण लागते. घरची जनावरे विकली गेली किंवा टाकीला तडा गेला, तर चूल पुन्हा लाकडावर येते. मग घरातील बाईला पुन्हा मोळी आणावी लागते आणि धुरात डोळे चोळत भाकरी भाजावी लागते. कागदावर मात्र ती टाकी मोजलेलीच राहते.

म्हणून असा आकडा वाचला, की दोन प्रश्न विचारा. तो किती माणसांमागे आहे? आणि आज त्यांपैकी किती घरांत निळी ज्योत खरोखर पेटली?