स्थूल देह आणि मंदावलेला श्वास

कीर्तनात बसल्या बसल्या घोरू लागणारा एखादा लठ्ठ गृहस्थ आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. त्याला आपण कुंभकर्ण म्हणतो, हसतो आणि विसरून जातो. पण या हसण्याआड कधी कधी एक गंभीर रोग लपलेला असतो.

चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी १८३६-३७ साली क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. दार उघडेपर्यंत ठोठावणे थांबवू नकोस, असे धन्याने त्याला बजावलेले असते. कारण थांबला की तो उभ्या उभ्या झोपी जाणार! वाचकांना हा निव्वळ विनोद वाटला. पुढे १९५६ साली अमेरिकेतील डॉ. बर्वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अतिस्थूल व्यापारी गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. पत्त्यांच्या डावात तीन एक्के नि दोन राजे अशी उत्तम पाने हाती आली असता, डाव साधायच्या आतच या गृहस्थाला डुलकी लागली. तपासणीत त्याच्या रक्तात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त आढळला. आहार कमी करून वजन उतरवल्यावर त्याची झोपाळू वृत्तीही ओसरली. डॉक्टरांनी या विकाराला पिकविकचेच नाव दिले.

आता प्रश्न असा, की लठ्ठ माणसे पुष्कळ. मग हा विकार काहींनाच का व्हावा?

पहिले कारण उघड आहे. छातीवरील चरबीमुळे बरगड्या हलवणे जड जाते. पोटातील चरबी श्वासपटलाला वर रेटते आणि आडवे होताच हा रेटा वाढतो. फुप्फुसांचा तळचा भाग नीट फुलत नाही. श्वास घेणे हेच कष्टाचे काम होऊन बसते. परंतु बहुतेक स्थूल माणसांचा मेंदू श्वसनाच्या स्नायूंना अधिक जोराने राबवतो आणि रक्तातील वायूंचे प्रमाण ठीक राखतो. तेव्हा नुसत्या ओझ्याने कोडे सुटत नाही.

दुसरे कारण रात्री घडते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. चरबीने आधीच अरुंद झालेली वाट आणखी आवळते. माणूस घोरू लागतो आणि मधूनच वाट पूर्ण मिटते. दहा-वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ श्वास थांबतो. मग मेंदू दचकतो, घशातून मोठा घुरका येतो आणि श्वास पुन्हा चालू होतो. या विकाराच्या दहापैकी सुमारे नऊ रोग्यांत हा प्रकार आढळतो. श्वास अडला असताना साठलेला कार्बन डायऑक्साइड मधल्या मोठ्या श्वासांनी बाहेर टाकता आला, तर सकाळी हिशेब चुकता होतो. ज्याला तो टाकता येत नाही, त्याच्या डोक्यावर रोज थोडे कर्ज उरते.

आणि येथेच शरीराची सोय शरीरावर उलटते. साठलेल्या वायूने रक्ताची आम्लता वाढते. ती मारण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट राखून ठेवतात. खाण्याच्या सोड्यातला क्षार तो हाच. हेतू चांगला, पण श्वास वाढवण्याची मेंदूची मुख्य खूण ही आम्लताच असते. खूण पुसट झाली, की पहारेकरी पेंगू लागतो. हळूहळू जागेपणीही श्वास अपुरा पडतो.

तिसरे कारण १९९४ नंतर पुढे आले. त्या वर्षी चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या द्रव्याचा शोध लागला. हे द्रव्य श्वसनालाही चेतना देते. ते मुळीच नसलेल्या लठ्ठ उंदरांचा श्वास मंद असतो. स्थूल माणसांत लेप्टिन भरपूर असते, पण काहींचा मेंदू त्याला दाद देत नसावा. समान वजनाच्या दोघांत एक निभावतो आणि दुसरा खचतो, याचे एक कारण हे असू शकेल.

दुर्लक्ष झाल्यास फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाची उजवी बाजू थकते, पाय सुजतात. झोपेच्या गोळ्या आणि मद्य अशा माणसाला विशेष घातक. कारण मंदावलेला श्वास त्यांनी आणखी मंदावतो. नुसता प्राणवायू देणेही देखरेखीवाचून धोक्याचे. त्याने कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो.

निदान कठीण नाही. जागेपणी रोहिणीच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ मिलिमीटरहून अधिक भरला आणि त्याचे दुसरे कारण सापडले नाही, तर हा विकार समजतात. नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवण्याची युक्ती सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. त्या मुखवट्याने आज असंख्य रोगी सुखाने झोपतात. काहींना श्वासाला जोर देणारे यंत्र लागते. वजन उतरवणे हा मात्र मुळावरचा उपाय.

या रोगाचा पहिला साक्षीदार डॉक्टर नसतो. शेजारी झोपणारे माणूस असते. रोग्याला स्वतःचा थांबलेला श्वास ऐकू येत नाही. म्हणून घरात कोणी घोरता घोरता एकाएकी गप्प होत असेल, सकाळी डोके धरून उठत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर त्याला आळशी म्हणून हिणवू नका. ऐकलेले सारे डॉक्टरांच्या कानी घाला.